दोन वितींना दोन बोटं

हिराबाय गेली त्याला आता सव्वा महिना झाला. तेराव्याला जमलेल्या माणसांनी तिच्याविषयी पुष्कळ चांगलं सांगितलं. बोईसरजवळच्या आमच्या नवापुरातल्या बायकांत बर्फाची पेटी तिने सगळ्यांत आधी वापरली, गुजरातेतून येणाऱ्या व्यापाऱ्याशी ती त्याच्याच बोलीत भांडायला शिकली, सत्तरी उलटल्यावर मोबाइलवरून पापलेटचे फोटो गिऱ्हाइकांना पाठवू लागली, असं बरंच काही. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी उठले आणि "ती माझी मोठी बहीण होती" एवढं म्हणून खाली बसले. आयुष्यभर पालघरच्या शाळेत शिकवलेल्या बाईकडून लोकांची अपेक्षा अर्थातच जास्त होती. पण मला जे सांगायचं होतं ते उभ्याने सांगण्यासारखं नव्हतं. त्यात एक चहाचा पेला होता, वडलांचा तांब्याचा हंडा होता आणि आयचा मसाल्याचा पाटा होता. एवढं सामान घेऊन माणसाला बसावंच लागतं. म्हणून बसून, सावकाश लिहिते आहे.

हंडा आमच्या घरामागे, दगडांच्या चुलाण्यावर कायमचा बसवलेला होता. दोन माणसं आत उभी राहिली तर फक्त डोकी दिसतील एवढा मोठा. त्या काळी जाळी सुताची असत, आणि सूत खाऱ्या पाण्यात कुजतं. म्हणून भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरतीचा जोर ओसरला की, गावातली जाळी आमच्याकडे येत आणि बाबा ती ऐनाच्या झाडाच्या सालीच्या उकळत्या काढ्यात बुडवून काढत. साल मनोरच्या बाजूची जंगलातली माणसं डोक्यावरून आणत. ती कुटण्याचा धप् धप् आवाज पहाटेपासून चाले आणि मग दुपारभर घरादारावर तो तुरट, ओल्या लाकडाचा, किंचित कातासारखा वास पसरे. माझ्या परकर-पोलक्यांना तो वास इतका मुरलेला होता, की शिक्षणासाठी मी पालघरला मावशीकडे राहायला गेले तेव्हा वर्गातल्या मुली विचारत, "तू पान खातेस का गं?" मी सांगायची, आजोबा खातात. माझे आजोबा मी जन्मण्याआधीच गेले होते.

बाबांचे हात कोपरापर्यंत तपकिरी होते. लांबून पाहिलं तर त्यांनी वेगळ्याच कापडाच्या बाह्या लावल्यात असं वाटे. हिराबायच्या लग्नात सगळ्यांच्या हातांना हळद लागली, बाबांच्या हातांवर ती दिसलीच नाही. गावात बाबांच्या, म्हणजे धर्माबाबांच्या, हंड्याला मान होता. जाळं उकळेपर्यंत माणसं तिथेच विड्या ओढत बसत, त्यामुळे कुणाची होडी गळते, कुणाची सून माहेरी रुसून बसलीय, सगळं आमच्या चुलाण्यापाशी आधी कळे. बाबा म्हणत, "काढा पाजल्याशिवाय जाळं म्हंजे नागडं पोर. दर्यात सोडाल तं दर्या हसंल."

बाबा नव्याच्या विरुद्ध होते असं मात्र मी म्हणणार नाही. ते नव्याला बसायला पाट देत, पाणी विचारत, आणि मग त्याच्याकडून जुनंच काम करून घेत. मावशीने पालघरहून स्टोव्ह पाठवला, तर त्यांनी त्याच्या टाकीत रॉकेल भरून ठेवलं आणि ते थोडं थोडं ओतून चूल पेटवू लागले. बॅटरी आणली, तर तिच्या उजेडात ते कंदील शोधत. तारापूरच्या बाजूला तेव्हा विजेचं मोठं केंद्र उभं राहत होतं. जीपगाड्या धुरळा उडवत जायच्या, बोईसर स्टेशनवर हिंदी बोलणारी माणसं ट्रंका घेऊन उतरायची. बाबा ते सगळं कौतुकाने पाहत आणि म्हणत, "करू दे. माणसाने काहीतरी करत राहावं." जणू ती सगळी धावपळ लहान मुलांचा खेळ होता आणि खरं काम हंड्यात शिजत होतं.

मी मॅट्रिकची परीक्षा देऊन सुट्टीत घरी आले होते तेव्हाची ही गोष्ट. एके दिवशी मासेमारी खात्याचे एक साहेब जीपमधून आले आणि त्यांनी किनाऱ्यावरच्या चौथऱ्यावर एक जाळं उलगडलं. पांढरंशुभ्र. मुरमुऱ्याच्या पोत्यासारखं हलकं. नायलॉनचं जाळं आमच्या गावाने तोवर पाहिलं नव्हतं. साहेब म्हणाले, हे कुजत नाही, एका होडीला वापरायला देतो, पंधरा दिवसांनी बघायला येईन. नीट चाललं तर गावाला आणखी मिळतील, नाहीतर हेच घेऊन पुढच्या गावाला जाईन. म्हातारी मंडळी जाळ्याभोवती फिरून आली. बाबांचे मित्र जानूकाका म्हणाले, "एवडं पांढरं? मासळीला वाटंल कुणी मेलाबिला." सगळे हसत असतानाच माझे मेहुणे, हिराबायचे यजमान नारायणभावजी, पुढे झाले आणि म्हणाले, "आमच्या होडीला द्या."

जाळ्याबरोबर दुरुस्तीसाठी दोऱ्याची एक गुंडी होती आणि एक इंग्रजी कागद होता. इंग्रजी म्हणजे माझा प्रांत. संध्याकाळी आमच्या ओटीवर सगळ्यांसमोर मी तो खणखणीत आवाजात वाचला आणि अर्थ सांगितला: सावलीत वाळवावे, गोड्या पाण्याने धुवावे, सालीच्या काढ्याची गरज नाही.

बाबा हसले. "गरज नाय असं लिवलंय. घालू नका असं लिवलंय काय?"

"तसं नाही लिहिलेलं," मी म्हणाले.

"मग! पाव्हणा दारात येतो, म्हणतो चहाची गरज नाय. तं आपण त्याला चहा देत नाय काय?"

नारायणभावजी सासऱ्यांसमोर सहसा बोलत नसत, पण त्या दिवशी त्यांच्याने राहवलं नाही. "मामा, चहा देतो. पण पाव्हण्याला धरून चहात बुडवत नाय."

आता हे लिहिताना हसू येतं. तेव्हा ओटीवर कुणी हसलं नाही, कारण सगळ्यांना ठाऊक होतं की प्रश्न पाहुण्याचा नाही. त्या जाळ्याला खरोखरच काढा लागत नसेल, तर आज ना उद्या आमचं चुलाणं विझणार होतं. बाबांनाही ते ठाऊक असणार. ते फक्त म्हणाले, "कागद लिवणाऱ्याने दर्या बघितला हाय काय?" आणि विडी पेटवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिराबाय आमच्या स्वयंपाकघरात आली. तिचं घर आमच्यापासून चार घरं सोडून होतं. आय चुलीवर गुळाचा चहा उकळत होती. बायने कमरेला खोचलेली ती दोऱ्याची गुंडी काढली, दोऱ्याचे दोन सारखे तुकडे केले, वितीने मोजले, दोन-दोन वीत. एक स्वतःच्या मांडीवर ठेवला आणि दुसरा सरळ उकळत्या चहाच्या टोपात सोडला. आय ओरडली, "अगो, आमी पिऊ काय तो?"  बायने थोड्या वेळाने चिमट्याने दोरा काढला, पदराला पुसला आणि पहिल्या तुकड्याशेजारी धरला. तो तपकिरी झाला होता आणि दोन बोटं आखूड झाला होता.

"बाबा, बघा. हा आखडतो."

बाबांनी दोन्ही तुकडे डोळ्यांजवळ नेले. "हे चहात झालं. चहात गूळ अस्तो. गुळाने कायबी आखडतं."

"मग तुमी कसे नाय आखडलात?" आय म्हणाली. "एवडी वर्सं गुळाचाच चहा पिताय."

बायने माझ्याकडे वळून पाहिलं. ती मला तेव्हापासूनच मास्तरीण म्हणायची. "मास्तरीण, तू तुज्या कागदात बघ गो. उकळलं तं आखडतं असं कायतरी लिवलं असंल."

मी कागद आणला. दोनदा वाचला, मागची बाजूसुद्धा पाहिली. तसं काही नव्हतं. आणि मग मी जे बोलले ते मला अजून शब्दन् शब्द आठवतं. मी म्हणाले, "असं कुठेच छापलेलं नाही. आखडत असतं तर त्यांनी लिहिलं नसतं का?"

"ऐकलंस?" बाबा खूश होऊन म्हणाले. "शिकलेली पोर सांगते." आमच्या घरात बाबा आणि छापील कागद यांचं एकमत झालेला तो पहिला दिवस, आणि नेमके दोघेही चुकत होते. डोळ्यांसमोर आखडलेला दोरा होता, तो बायच्या हातात होता, अजून गरम होता. मी मात्र कागदात पाहत होते. बाय नुसतं "बरं" म्हणाली, दोन्ही तुकडे पुन्हा गुंडीत खोचले आणि चहा पिऊन गेली. तोच चहा.

पुढचे चार दिवस बाय आणि भावजींनी जाळं काथ्याच्या दोरीला ओवलं. मग भावजी जाळ्याच्या खालच्या कडेला वजनासाठी लावायचे शिशाचे गोळे आणायला सकाळच्या गाडीने पालघरला गेले आणि बाय मासळी घेऊन बोईसरच्या बाजाराला गेली. जाळं त्यांच्या अंगणात बांबूवर टांगलेलं होतं. बाबांनी ते खांद्यावर घेतलं. "जावयाचं काम उरकून ठेवू," ते मला म्हणाले. त्यात कपट नव्हतं हे मी शपथेवर सांगेन. जावई त्या नागड्या जाळ्यावर मुलीच्या घराचं पोट टांगून दर्यात जाणार, ही कल्पनाच त्यांना सहन होत नव्हती. मी जाळ्याचं मागचं टोक, नवरीचा शालू सावरावा तसं, धरून मागोमाग निघाले. चुलाण्यात लाकडंही मीच सारली.

सुताचं जाळं हंड्यात पडलं की म्हैस डबक्यात बसते तसं सुखाने बसतं. हे बसेना. काथ्याची दोरी तरंगत होती आणि जाळं तिच्याबरोबर वर येत होतं. बाबांनी बांबूने एका बाजूला दाबलं की ते दुसऱ्या बाजूने फुगून वर येई. "पोहायला शिकून आलंय," बाबा म्हणाले. दगड ठेवले, ते घसरले. शेवटी ते स्वयंपाकघरात गेले आणि आयचा पाटा उचलून आणला. आय विहिरीवरून आली तेव्हा पाट्याचं एक टोक काढ्यातून वर दिसत होतं.

"माजा पाटा!"

"जाळ्यावर हाय. येईल आत्ता."

"आनि आज कालवण कशाचं करू? जाळ्याचं?"

त्या दुपारी आम्ही बिनवाटणाचं कालवण खाल्लं आणि पुढे महिनाभर आमच्या मसाल्याला ऐनाचा वास येत होता. पण रंग काय सुरेख आला होता! पिकलेल्या चिकूसारखा. बाबा जाळं बांबूवर पसरायला लागले, आणि एक टोक बांधून दुसऱ्या टोकाकडे जाता जाता त्यांची चाल हळू झाली. दोरी होती तेवढीच होती. जाळं मात्र आखडलं होतं, आणि त्या दोघांच्या ओढाताणीत सगळीकडे चुण्या पडून ते गोळा झालं होतं.

भावजी संध्याकाळी शिशाचं ओझं खांद्यावर घेऊन आले. चुण्यांवरून हात फिरवला. मग हळूच म्हणाले, "मामा, हे जाळं होतं. याचं झबलं झालं."

"ओढलं की सुटंल," बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी आळी ओढायला जमली. एक टोक ताडाला बांधलं, दुसऱ्या टोकाला आठ माणसं. जानूकाका होडी ओढताना देतात तशी हाळी देऊ लागले. ताड हलला, वरून एक सुकं पान खाली आलं, बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या, आणि फाटकन् आवाज होऊन आठही जण वाळत घातलेल्या जवळ्यात बसले. जानूकाकांच्या धोतरातून पुढे दोन दिवस जवळा निघत होता म्हणतात. तुटली होती ती काथ्याची दोरी. जाळ्याचं एक घर उसवलं नव्हतं. बाबांनी ते उचललं, हातात घेऊन एकेक गाठ पाहिली आणि घरी आले.

जानूकाका मागोमाग आले. ओटीवर बसून अंगावरचा जवळा झटकत म्हणाले, "धर्मा, झालं ते बरं झालं. सायबाला सांग, जाळंच खोटं. पाण्यात घातलं नि आखडलं. आमी सगळे हो म्हणू. घेऊन जाईल पुढच्या गावाला. तुजा हंडा तू मरंतोवर पेटता राहील."

मी दाराआड उभी होते. बाबांच्या समोर बोंबलाच्या कालवणाचं ताट होतं आणि ते भात नुसता कालवत होते. हो म्हणायला काहीच लागत नव्हतं. साहेबाला कळायला मार्ग नव्हता, गाव त्यांच्या बाजूचं होतं. शेवटी ते एवढंच म्हणाले, "आठ माणसं, जानू. आठ माणसं ओढत होती." आणि ताट तसंच ठेवून उठले. बोंबलाच्या कालवणावरून बाबा उठलेले मी त्याआधी पाहिले नव्हते, त्यानंतरही नाही.

हिराबायने रडारड केली नाही. "तरी सांगत होते" असंही म्हणाली नाही, आणि ते न म्हणणंच मला जास्त लागलं. तिने जाळं दोरीतून सोडवलं, गुंडीतले ते दोन दोरे काढले आणि नवी दोरी मोजायला बसली. दोन वितींना दोन बोटं कमी, पुन्हा दोन वितींना दोन बोटं कमी. तिला पाढे येत नव्हते. मी वहीत गुणाकार करून एकूण लांबी काढून दिली, तेवढीच माझी मदत. आळीतल्या चार बायका घेऊन तिने पाच दिवसांत जाळं पुन्हा ओवलं. ते लहान झालं होतं, पण सरळ उभं राहत होतं. साहेब यायच्या आधी दोनदा दर्यात जाऊनही आलं आणि रिकामं आलं नाही.

साहेब आले तेव्हा अख्खं गाव चौथऱ्यावर होतं. त्यांनी चिकूच्या रंगाचं ते जाळं पाहिलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "हे असं कसं झालं?"

जानूकाकांनी बाबांकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. बाबांनी पाठीमागे धरलेले दोन्ही हात पुढे आणले. दुसरं काही सांगायची गरजच नव्हती, पण ते म्हणाले, "मी उकळलं, सायेब. जाळ्याचा दोष नाय. ही माजी पोर सांगत होती, मी ऐकलं नाय."

मी म्हणायला हवं होतं की मीही ऐकलं नाही. मी आयच्या मागे उभी होते.

साहेबांनी बायकडून दोन्ही दोरे मागून घेतले, एकावर एक धरले, मग वही काढली. "किती वेळ उकळलंत?"

"दोन विड्या," बाबा म्हणाले.

"म्हणजे किती मिनिटं?"

"विडी ओली असंल तं जास्त."

साहेबांनी खरोखर 'दोन विड्या' असं लिहिलं. मी डोकावून वाचलं. मग नखाने जाळ्याची एक गाठ सरकवून पाहू लागले. ती सरकली नाही. ते म्हणाले, दुसऱ्या गावांत तक्रार येते आहे की नव्या जाळ्याच्या गाठी सैल होतात, ह्याच्या तर घट्ट बसल्यात. दोरीला ओवायच्या आधीच, साध्या पाण्यात, असं एक जाळं तुम्ही उकळून द्याल का?

"नुस्तं पाणी?" बाबांना ते पटलं नव्हतं, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पाण्यात काय दम, असं काहीतरी ते म्हणणार होते. पण त्यांनी बायकडे पाहिलं. "आदी एक दोरा बुडवून बघू," ते म्हणाले. "हिरा, मोजून घे."

त्यानंतर दोन-तीन वर्षं आमच्या हंड्यात नायलॉनची जाळी साध्या पाण्यात उकळली गेली. साध्या म्हणजे, बाबा कुणाचं लक्ष नाही असं पाहून त्यात ऐनाच्या सालीचा एक तुकडा टाकत. ते पहिलं जाळं चांगलं चाललं ते काढा प्यायल्यामुळेच, असं ते शेवटपर्यंत म्हणत आणि भावजी शेवटपर्यंत "हो मामा" म्हणत. पुढे गाठी पक्क्या केलेलीच जाळी येऊ लागली आणि चुलाणं विझलं. हंडा परसात पालथा पडला, त्याखाली आयच्या कोंबड्या राहू लागल्या. बाबा भावजींच्या होडीवर जाऊ लागले. त्यांच्या हातांचा रंग हळूहळू उतरला, आणि म्हातारपणी कधी कधी ते स्वतःचेच हात दुसऱ्या कुणाचे असावेत तसे उलटसुलट करून पाहत.

साहेब त्या दिवशी गेल्यावर हिराबायने मला कागद आणायला सांगितला होता. "मास्तरीण, यात नाय ना ते? मग लिव." मी पेन्सिलीने, छापलेल्या इंग्रजी ओळींच्या खाली, मराठीत लिहिलं: 'उकळल्यास आखडते. दोन वितींना दोन बोटं.' पुस्तकात न वाचता, कुणी न सांगता, डोळ्यांनी पाहिलेलं असं मी लिहिलेलं ते पहिलं वाक्य. पुढे शाळेत गणिताची नवी पद्धत आली, नवी पुस्तकं आली, माझ्या बरोबरीच्या शिक्षकांनी नाकं मुरडली तेव्हा मीही मुरडायला निघाले की ते वाक्य आठवे, आणि मी म्हणे, एक धडा शिकवून तर बघू.

गेल्या आठवड्यात भाचीने बायची पत्र्याची पेटी माझ्याकडे आणून दिली. तळाशी तो कागद होता. छपाई ओल लागून पुसट झाली आहे, पेन्सिलीची ओळ वाचता येते. घडीत ते दोन दोरे होते, पांढरा आता पिवळट आणि तपकिरी तसाच. सकाळी चहा केला, पेला शेजारी ठेवला आणि तपकिरी दोरा टेबलावर सरळ करून वितीने मोजला. बायची नि माझी वीत तेव्हा सारखीच होती, म्हणजे तो दोन बोटं कमी भरायला हवा होता. तो बरोबर दोन वीत भरला. मी पुन्हा मोजला. पुन्हा दोन वीत. मग मी माझ्या हाताकडे पाहिलं, सांध्यांत वाकलेल्या बोटांकडे, पूर्ण उघडत नाही अशा अंगठ्याकडे.

दोरा वाढला नव्हता. मी आखडले होते.

बाय असती तर तिने आधी तो दोरा पाहिला असता, मग माझा हात, मग चहाचा पेला. आणि म्हणाली असती, "पी अजून. पी गुळाचा चहा."